व्हर्च्युअल कार्ड घेऊ का? आधी सोळा आकडे ताडून बघा

सोलापूरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्या घरी कापडी पर्स शिवून विकतात. बक्कल, चेन, अस्तर देशातल्या साइटवरून मागवतात आणि शिवायचे नमुने परदेशी साइटवरून, पाच-सात डॉलरला एक, असे विकत घेतात. बँकेच्या ॲपमध्ये ‘व्हर्च्युअल कार्ड’ (प्लास्टिकशिवायचं, नुसत्या नंबराचं कार्ड) असं बटण त्यांना दिसतंय. मुलगा म्हणतो, घेऊन टाक, एकदम सेफ असतं. यजमान म्हणतात, कार्डबिर्ड काही नको, माल दारात आला की रोख मोजायची. कोणाचं ऐकू?

मुलाचं ऐका, पण ‘एकदम सेफ’ हे दोन शब्द वगळून.

मी बँकेच्या कार्ड तक्रार विभागात सतरा वर्षं होते. ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असं लिहून आलेले अर्ज वाचायचे, दुकानदाराच्या बँकेकडून कागद मागवायचे आणि पैसे परत आणता आले तर आणायचे, हे माझं काम. त्या टेबलावरून बघितलं तर व्हर्च्युअल कार्ड हे कुलूप नाही. जत्रेला जाताना मोठी रक्कम कनवटीला खोचतात आणि वरच्या खिशात शंभर-दोनशेच ठेवतात, तसा तो वरचा खिसा आहे. खिसा मारला जाऊ शकतोच. गेले तर किती जातील, एवढंच आपण आधी ठरवलेलं असतं.

पण तुमच्या ॲपमधलं ते बटण खरोखर वेगळा खिसा देतं का, हे आधी तपासा. बटण दाबा, समोर आलेले सोळा आकडे तुमच्या प्लास्टिकच्या कार्डावरच्या आकड्यांशी ताडा. तेच निघाले तर ते तुमच्याच कार्डाचं चित्र आहे. कार्ड घरी विसरलं तर नंबर बघायला उपयोगी, बाकी सुरक्षेत काडीचा फरक नाही. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये ‘व्हर्च्युअल’ किंवा ‘डिजिटल’ या नावाखाली हेच मिळतं, आणि लोक निर्धास्त होतात.

आकडे वेगळे निघाले तर पुढचा प्रश्न, त्याच्या मागे पैसा कोणाचा? काही कार्डं तुमच्या क्रेडिट कार्डाच्या किंवा खात्याच्याच मागे जोडलेली असतात, फक्त नंबर निराळा. तिथे त्या नंबरला स्वतःची वेगळी मर्यादा लावता येते का, हे नक्की बघा. ती लावता येत नसेल तर वरचा खिसा थेट कनवटीला शिवलेला आहे असं समजा. काही प्रीपेड असतात, म्हणजे वॉलेटसारखे आधी पैसे भरायचे आणि तेवढेच खर्चायचे. आणि हल्ली एक तिसरंच मिळतं, यूपीआयला जोडायचं रूपे व्हर्च्युअल क्रेडिट कार्ड. ते किराणा दुकानातला क्यूआर कोड स्कॅन करायला झकास आहे, कारण दुकानदाराला कार्डाचा नंबर दिसतच नाही. पण तुमच्या परदेशी नमुन्यांसाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. एचडीएफसी बँकेचं नेटसेफ होतं, कोटकचं नेटकार्ड होतं, स्टेट बँकेचंही व्हर्च्युअल कार्ड होतं. नेट बँकिंगमध्ये जाऊन हव्या तेवढ्या रकमेचं कार्ड काढायचं आणि एका व्यवहारात ते संपवायचं. स्टेट बँकेचं ४८ तासांत आपोआप बाद व्हायचं. मला ही कार्डं फार आवडायची. वापरणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि नंतर त्यांची निकडही कमी झाली.

ती का कमी झाली हे समजलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहारांना कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडची आणखी एक पडताळणी सक्तीची केली. आधी पासवर्ड होता, पुढे ओटीपी आला. म्हणजे नुसता नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावरचे ते गुप्त तीन आकडे) चोरून भारतातल्या साइटवर चोराला काही मिळत नाही. मग १ ऑक्टोबर २०२२ पासून दुसरी गोष्ट झाली. दुकानं आणि त्यांच्या वतीने ऑनलाइन पैसे घेणारे पेमेंट गेटवे यांना तुमच्या कार्डाचा खरा नंबर साठवायची मनाई झाली. तुम्ही ‘कार्ड सेव्ह करा’ म्हणता तेव्हा त्यांच्याकडे एक टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी चालणारा बदली क्रमांक राहतो. ते त्या कार्डापुरतं आणि त्या दुकानापुरतंच चालतं. दुकानाची सगळी माहिती चोरीला गेली तरी ते टोकन दुसरीकडे निरुपयोगी. एका अर्थाने प्रत्येक देशी दुकानासाठी तुमचं एकेक व्हर्च्युअल कार्ड आधीच तयार झालेलं आहे, तेही न मागता.

त्यामुळे बक्कल आणि चेन तुम्ही ज्या नेहमीच्या देशी साइटवरून घेता, तिथे मूळ कार्ड सेव्ह करून ठेवलंत तरी मी हरकत घेणार नाही. उलट दर वेळी नंबर टाइप करण्यापेक्षा ते बरं.

हे शेवटचं वाक्य वाचून काही जण दचकतील, म्हणून थोडं थांबते. चोरी साठवलेल्या यादीतूनच होते असं नाही. पैसे भरायच्या पानावर एखादा घातक कोड घुसवला, तर तुम्ही आकडे टाइप करत असतानाच ते चोराकडे जातात. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर हेच झालं. चार लाखांहून जास्त लोकांची माहिती धोक्यात आली, आणि त्यापायी तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. सीव्हीव्ही साठवायला कोणत्याच दुकानाला परवानगी नसते, तरीही तिथे सीव्हीव्ही गेले. टाइप करतानाच ते टिपता येतात. जिथे टोकन आहे तिथे आकडे टाइपच करावे लागत नाहीत.

आता असा चोरलेला भारतीय नंबर चालवायचा कुठे? ओटीपी न मागणाऱ्या परदेशी साइटवर. भारतातली दुसऱ्या पडताळणीची सक्ती बाहेरच्या दुकानाला लागू होत नाही. नंबर, मुदत, सीव्हीव्ही टाकलं की व्यवहार पार. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलं आहे की परदेशी दुकानाने पडताळणी मागितली तर ती करण्याची सोय १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत तयार हवी. पण त्यातही ‘मागितली तर’ हा शब्द आहेच. न मागणारं दुकान राहणारच.

साताऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांची फाइल माझ्या चांगली लक्षात आहे. दुर्बिणीची भिंगं परदेशातून मागवायची म्हणून त्यांनी डेबिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केले. भिंगं आली, बटण तसंच चालू राहिलं. काही महिन्यांनी एका रात्री एक डॉलरच्या आतला व्यवहार झाला. तो चोराचा चाचणीचा व्यवहार, कार्ड जिवंत आहे का बघायला. मास्तरांनी मेसेज पाहिला, रक्कम किरकोळ म्हणून सोडून दिला. दुसऱ्या रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान तीन मोठे व्यवहार. सकाळी चहाच्या वेळी मोबाइल उघडला तर पेन्शनचं खातं रिकामं.

मास्तरांचे पैसे परत आले. त्यांनी त्याच दिवशी कळवलं होतं, आणि ओटीपीशिवाय झालेल्या परदेशी व्यवहारात सहसा दुकानाची बाजू लंगडी पडते. इथे लोकांची समजूत नेमकी उलटी असते. ओटीपीशिवाय पैसे गेले म्हणजे गेलेच, असं त्यांना वाटतं. माझ्या अनुभवात तेच परत मिळवणं सोपं. ओटीपी स्वतःच्या हाताने दिलेला असेल तर मात्र फाइल उघडतानाच माझा हात जड व्हायचा. पण मास्तरांचं कार्ड डेबिट होतं. पैसे त्यांचे गेले आणि मग भांडण सुरू झालं. तात्पुरती जमा खात्यात यायला आठवडा उलटला आणि तोवर औषधांना त्यांनी मेहुण्याकडून उसने घेतले. क्रेडिट कार्ड असतं तर वाद बँकेच्या पैशावर चालला असता. अनोळखी साइटवर डेबिट कार्ड नको, असं मी तेव्हापासून घरच्यांना बजावत आले आहे.

म्हणून ताई, तुम्हाला व्हर्च्युअल कार्डाचा खरा उपयोग आहे तो त्या पाच-सात डॉलरच्या नमुन्यांसाठी.

१५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने एक फार चांगली सोय सक्तीची केली, तिचं कौतुक मात्र कमी झालं. कार्डाचे ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि टॅप करून पैसे द्यायचे व्यवहार ग्राहकाला हवे तेव्हा चालू-बंद करता आले पाहिजेत आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवता आली पाहिजे, दिवसा-रात्री केव्हाही. तेव्हा तुमच्या मूळ कार्डावर आंतरराष्ट्रीय बटण बंद, कायमचं. वेगळ्या नंबरचं व्हर्च्युअल कार्ड मिळत असेल तर त्याच्यावरच ते चालू करायचं. मर्यादा दोन-तीन हजार पुरे. नमुना घेतला की परत बंद. हे बंद करणं आळसाने राहून जातं. मी स्वतः पेमेंट झाल्याचा मेसेज आला की तो पुसण्याआधी बटण बंद करते. सवय तशी लावून घेतली.

एक बारकावा. किंमत रुपयांत दिसते म्हणून दुकान भारतात आहे असं समजू नका. रुपयांत पैसे घेणारं दुकान परदेशातल्या बँकेमार्फत वसुली करत असेल तर तो व्यवहार आंतरराष्ट्रीयच ठरतो, ओटीपी बहुधा येत नाही आणि वर शुल्कही लागू शकतं. ‘देशी साइटवर कार्ड चालत नाही’ म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांची अडचण पुष्कळदा एवढीच असायची. साइट देशी नव्हती.

तुमच्या बँकेत वेगळ्या नंबरचं कार्ड मिळतच नसेल तर? मग गरिबाचं व्हर्च्युअल कार्ड करा. एखादं जास्तीचं क्रेडिट कार्ड असेल तर बँकेला सांगून त्याची मर्यादा दहा हजारांवर आणून ठेवा आणि तेच बाहेरच्या खरेदीला वापरा. क्रेडिट कार्डच नसेल तर दुसऱ्या बँकेतलं, दोन-तीन हजारांच्या वर शिल्लक न ठेवलेलं खातं आणि त्याचं डेबिट कार्ड. खात्यात किमान शिल्लक किती ठेवावी लागते तेवढं बघून घ्या, नाहीतर दंडच नमुन्यापेक्षा महाग पडेल. काम तेच होतं. नंबर वेगळा आणि पैसा थोडा, या दोन गोष्टी जमल्या की त्याला व्हर्च्युअल म्हणा की आणखी काही.

दुसरा चांगला उपयोग आहे ‘सात दिवस मोफत’ वाल्या वर्गण्यांसाठी. यात मी स्वतः पोळले आहे. फोटो नीट करायचं एक परदेशी सॉफ्टवेअर सात दिवसांसाठी घेतलं आणि आठव्या दिवशी वर्षभराची वर्गणी एकरकमी कापली गेली. कार्ड विभागात बसणाऱ्या बाईची ही गत! कागदोपत्री मी होकार दिलेला होता, त्यामुळे तक्रारही लंगडी. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपल्याकडे दर महिन्याच्या वसुलीला आधी तुमची नोंदणीकृत संमती लागते, पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते आणि सर्वसाधारण वर्गण्यांना आता १५ हजारांच्या वरच्या रकमेसाठी ओटीपी लागतो. हा नियम परदेशी वर्गण्यांनाही आहे. पण परदेशी दुकानं कधीकधी महिन्याची वसुली सुटा व्यवहार म्हणून पाठवतात, मग आगाऊ सूचनेचा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी शंभर रुपयांची मर्यादा लावलेलं व्हर्च्युअल कार्ड असेल तर वसुली आपटते आणि तुम्हाला नाकारल्याचा मेसेज येतो. तरी कार्ड बंद केलं म्हणजे वर्गणी रद्द झाली असं नाही. करार तसाच राहतो. रद्द करायचं बटण शोधून ते दाबायचंच, आणि रद्द झाल्याची मेल जपून ठेवायची.

कुठे वापरू नये तेही सांगते. हॉटेलच्या बुकिंगला नको, कारण काउंटरवर ‘ज्या कार्डाने पैसे भरले ते दाखवा’ म्हणतात आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. भाड्याच्या गाडीचंही तसंच. एखाद्या ठरावीक कार्डावरची दिवाळीची सवलत व्हर्च्युअल नंबरला मिळेलच असं नाही.

आणि परत येऊ शकणाऱ्या मालाला ते वापराल तर थोडं जपून. परतावा ज्या नंबरवरून पैसे गेले त्याच नंबरवर येतो. नंबर खात्याला जोडलेला असेल तर कार्ड बंद केल्यावरही बँक तो पैसा ओळखून तुमच्याकडे वळवते, चार दिवस इकडे-तिकडे. पण प्रीपेड वॉलेटचं कार्ड बंद केलंत आणि मग परतावा आला तर तो शोधत बसावं लागतं. दुकान म्हणतं दिले, वॉलेटवाले म्हणतात आले नाहीत. अशा वेळी दुकानाकडून एआरएन मागा. तो २३ आकड्यांचा क्रमांक असतो, प्रत्येक कार्ड व्यवहाराला आणि परताव्याला वेगळा. ‘रिफंड केलाय, सात दिवस थांबा’ असं दहादा ऐकण्यापेक्षा तो एक क्रमांक हातात असणं मोलाचं. तो दिला की बँकेला पैसा कुठे अडकलाय ते शोधता येतं. आणि दुकान तो देतच नसेल तर बहुधा परतावा केलेलाच नसतो.

न्यू जर्सीत राहणारी माझी भाची मला हसते. तिच्याकडे ओटीपीची सक्ती नाही, त्यामुळे तिकडच्या लोकांना व्हर्च्युअल नंबरची गरज आपल्यापेक्षा जास्त. तिथल्या काही बँका आणि कंपन्या प्रत्येक दुकानासाठी वेगळा नंबर देतात. तो एका दुकानाला एकदा चिकटला की दुसरीकडे चालतच नाही. ब्रिटन-युरोपात रिव्होलूट या ॲपवरून चालणाऱ्या कंपनीचं एक कार्ड तर दर खरेदीनंतर नंबर बदलतं. तुमचं कोणी तिकडे असेल तर त्यांनी हे डोळे मिटून वापरावं. आपल्याकडे डोळे उघडे ठेवून.

आता यजमानांची रोख. त्यांचा मुद्दा मला पटतो, माल बघितल्याशिवाय पैसे का द्या? पण पार्सल बहुतेक वेळा पैसे दिल्यावरच उघडायला मिळतं. आत बक्कलांऐवजी साबणाची वडी निघाली तर ती रोख परत आणायला तुमच्याकडे दुकानदाराची मर्जी सोडून फारसं काही नाही. कार्डाने पैसे दिले असतील तर ‘माल आलाच नाही’ किंवा ‘भलताच आला’ म्हणून बँकेमार्फत दावा लावता येतो. त्याची मुदत कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार साधारण १२० दिवस असते, पण इतकं थांबू नका. इन्स्टाग्रामवरचं एखादं दुकान ‘कार्ड चालत नाही, या नंबरवर यूपीआय करा’ म्हणालं आणि समोर एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं, तर ते पैसे हातात नोट दिल्यासारखेच समजा. मनाने द्यायचे असतील तर जरूर द्या. मीही एका पैठणीवालीला असेच दिले, साडी छान आली. पण ती साडी तिच्या प्रामाणिकपणामुळे आली, माझ्या कार्डज्ञानामुळे नाही.

व्हर्च्युअल कार्ड जिथे अगदी निरुपयोगी ठरतं ती जागा म्हणजे फोन. ‘तुमचं व्हर्च्युअल कार्ड ॲक्टिव्हेट करतो, ही फाइल इन्स्टॉल करा, आलेला आकडा सांगा.’ आकडा सांगितला की सगळं संपलं, कारण तो तुम्हीच दिलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर एक रुपयाचाही बोजा नाही, आणि बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान तुमचं. पण ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. असं काही झालंच तर आधी कार्ड बंद, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन, मग बँकेकडे लेखी तक्रार आणि तिचा क्रमांक. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला त्यानंतर.

तेव्हा ताई, आज संध्याकाळी एवढं करा. आकडे ताडून बघा. मूळ कार्डाचं आंतरराष्ट्रीय बटण बंद करा आणि देशी ऑनलाइनची मर्यादा तुमच्या महिन्याच्या मालाच्या खर्चाएवढी ठेवा. नवीन नंबर मिळाला तर त्यावर एखादा स्वस्तातला नमुना घ्या. बँकेच्या मेसेजमध्ये कार्डाचे शेवटचे चार आकडे येतात, ते नवीन नंबरचेच आहेत ना तेवढं बघा. जुन्या कार्डाचे आले तर त्या साइटवर तुमचं जुनं कार्ड कधीतरी ठेवलेलं आहे. आधी ते तिथून काढून टाका.